मुळशीचा ढोल आणि जात्याचा गळा

पुण्याचा चांदणी चौक मागे टाकून पौड रस्त्याला लागलं तरी भूगाव, पिरंगुटपर्यंत शहर काही पाठ सोडत नाही. ते सुटतं पौडच्या पुढे. चैत्र-वैशाखात इथल्या, मुळशी तालुक्यातल्या, कुठल्याही फाट्यावरून आत वळा, गाव दिसायच्या आधी ढोल ऐकू येतो. भाताची पेरणी अजून लांब असते, रानं मोकळी असतात, आणि ग्रामदैवतांच्या यात्रा एकीमागून एक लागतात.

रात्री छबिना निघतो. पालखीपुढे ढोल-लेझीम, गुलालात न्हालेली पोरं, आणि कडेला उभं राहून चुकलेला ठेका हेरणारे म्हातारे. ढोलाला एका बाजूने टिपरू, दुसऱ्या बाजूने हाताची थापी. कान तयार असेल तर अंधारातही दोन्ही वेगळे ओळखू येतात. कुस्त्यांच्या फडात मान हलगीचा. जोड खडाखडीत अडकली की ती दमाने वाजते, डाव रंगला की अशी उसळते की बसलेली माणसं गुडघ्यांवर येतात. त्यानंतर कुठे तमाशा, कुठे ऑर्केस्ट्रा. बेंजो पार्टी तर आता घरचीच झाली आहे. डीजेबद्दल न बोललेलं बरं, त्याच्यापुढे बोललेलं ऐकू येत नाही.

पुण्यातल्या गणेश विसर्जन मिरवणुकीत आज शहरी पथकांचा बोलबाला आहे. पण त्या मिरवणुकीला मुळशी-मावळच्या ढोल-लेझीमची सवय जुनी. गावाकडच्या वादकाला त्याचं श्रेय क्वचितच मिळतं.

यात्रेत न वाजणारं एक संगीतही याच तालुक्याचं आहे: जात्यावरची ओवी. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी १९८०च्या दशकात मुळशी-मावळच्या डोंगरी गावांतल्या बायकांकडून ओव्या टिपायला सुरुवात केली. पुढे काम महाराष्ट्रभर पसरलं, हजारावर गावांतून लाखाहून अधिक ओव्या जमल्या. बर्नार्ड बेल यांनी त्यातल्या कितीतरी ध्वनिमुद्रित केल्या, आणि २०१७पासून ‘पारी’ हे संकेतस्थळ त्या ओव्या लोकांपुढे आणत आहे. माहेर, भाऊ, विठ्ठल, सासूचा जाच, बाबासाहेब असं सगळं त्यांत आहे. देवळापुढचा ढोल पुरुषांचा. बाईचा आवाज पहाटेच्या अंधारात, घरच्यांना ऐकू जाईल न जाईल असा.

हा जात्यावरचा आवाज पुढे थांबला. तो थांबला कसा, याला मुळशीत एक वेगळीच किनार आहे. १६ एप्रिल १९२१ला, रामनवमीच्या दिवशी, टाटांच्या धरणाविरुद्ध इथे सत्याग्रह सुरू झाला. पां. म. बापट ‘सेनापती’ झाले ते याच लढ्यात. धरण तरीही झालं, गावं बुडाली. पाणी सह्याद्री ओलांडून भिऱ्याच्या वीजघरात उतरलं आणि वीज मुंबईच्या कापड गिरण्यांकडे गेली. डोंगरातल्या वाड्यांना तिची वाट पुढे कित्येक वर्षं पाहावी लागली. आली तेव्हा तिच्यामागून पिठाची गिरणी आली आणि जातं कोपऱ्यात गेलं. त्याचं दुःख करावं तर दोन-दोन तास दळण ओढून खांदे मोडलेल्या बाया हसतील.

लग्नाला मात्र जातं अजून बाहेर निघतं. यात्रांच्याच दिवसांत लग्नसराई असते. जातं धुऊन, सजवून ओसरीवर मांडतात, सवाशिणी खुंट्याला हात लावून हळद दळतात. तेवढ्यात एखादी आजी ओवी सुरू करते, दुसरी उचलते. मांडवात बेंजोवाले वायरी जोडत असतात. त्यांची जोडणी होईपर्यंत ओसरी ओवीची.