आई-बाबांचे नैराश्य मुलांना कसे सांगावे?

घरात आईला किंवा बाबांना नैराश्य असेल, तर मोठी माणसे ते मुलांपासून लपवतात. पण आई दिवसभर पडून असते, बाबा लहानसहान गोष्टींवरून ओरडतात, हे मुलांना दिसतेच. कारण कोणी सांगितले नाही, तर लहान मूल स्वतःलाच दोष देते: 'मी त्रास दिला म्हणून आई अशी झाली.' मग पोटदुखी, अंथरूण ओले करणे, शाळेत जायला नकार असे त्रास सुरू होऊ शकतात. काही मुले उलट एकदम शहाण्यासारखी वागू लागतात, हट्ट सोडतात, धाकट्याला सांभाळतात. त्यांचे कौतुक होते; खरे तर त्यांच्याकडे जास्त लक्ष द्यायला हवे.

मुलाला सरळ सांगा, "आईला आजार आहे, त्यामुळे तिला उदास वाटते. तो तुझ्यामुळे झालेला नाही. डॉक्टर उपचार करत आहेत." गोळ्यांचा गुण यायला साधारण 2 ते 4 आठवडे लागतात. तोवर जेवण, झोप, शाळा यांच्या वेळा आजी, मावशी, काका अशा कोणीतरी सांभाळाव्यात. आईच्या गोळ्यांवर लक्ष ठेवण्याचे काम मात्र मुलाला देऊ नका.

सल्ल्यासाठी टेली-मानस (14416) ही सरकारी हेल्पलाइन मोफत आहे, 24 तास चालते आणि मराठीतही बोलता येते. रुग्ण मरणाची भाषा करत असेल, तर त्याला एकटे ठेवू नका, ताबडतोब रुग्णालयात न्या.