सिद्धांत कारगिलच्या कसोटीवर

कारगिलचं युद्ध पुस्तकाप्रमाणे व्हायलाच नको होतं. आंतरराष्ट्रीय संबंधांच्या अभ्यासात ठामपणे मांडल्या गेलेल्या दोन सिद्धांतांनी त्याला जवळजवळ मनाई केली होती. केनेथ वॉल्ट्झ या अमेरिकी अभ्यासकाने १९८१ मध्ये मांडलं होतं, की अण्वस्त्रं असलेले देश एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. त्यामुळे ती आणखी काही देशांकडे गेली तर जग उलट अधिक सावध होईल. मायकेल डॉइल यांनी १९८३ मध्ये जर्मन तत्त्वज्ञ कान्टचा धागा पकडून दाखवलं, की लोकशाही देश एकमेकांशी लढल्याची उदाहरणं इतिहासात सापडत नाहीत.

भारत आणि पाकिस्तान या दोघांनीही मे १९९८ मध्ये अणुचाचण्या केल्या होत्या. दिल्लीत अटलबिहारी वाजपेयी आणि इस्लामाबादेत नवाझ शरीफ, दोघंही निवडून आलेले. फेब्रुवारी १९९९ मध्ये वाजपेयी बसने लाहोरला गेले, जाहीरनाम्यावर सह्या झाल्या. त्याच सुमारास पाकिस्तानच्या नॉर्दर्न लाइट इन्फन्ट्रीचे सैनिक नियंत्रण रेषेच्या भारतीय बाजूच्या, हिवाळ्यात रिकाम्या झालेल्या द्रास, कारगिल आणि बटालिकच्या शिखरांवर ठाणी मांडत होते.

मग हे सिद्धांत अडगळीत टाकायचे का? तसं केलं तर हातात उरतात फक्त तारखा. सिद्धांताचं खरं काम भाकीत करण्याचं नाही. घटनेला कोणता प्रश्न विचारायचा, हे तो ठरवतो. आणि प्रत्येक प्रश्न कुणाला तरी, कुठल्या तरी संकटात पडलेला असतो. तो कुणाचा आहे हे पाहून घेतलं, की सिद्धांताची ताकद कळते आणि तो कुठे आंधळा आहे तेही कळतं.

महायुद्धाच्या राखेतून

आंतरराष्ट्रीय संबंध या विषयाचं पहिलं अध्यासन १९१९ मध्ये वेल्समधल्या ॲबरिस्टविथ या समुद्रकाठच्या छोट्या गावात सुरू झालं. डेव्हिड डेव्हिस आणि त्यांच्या दोन बहिणींनी युद्धात मारल्या गेलेल्या विद्यार्थ्यांच्या स्मरणार्थ वीस हजार पौंड दिले आणि अध्यासनाला अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांचं नाव लागलं. युद्ध का होतं आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय करावं, हा इथला प्रश्न. उत्तरही त्या काळाला साजेसं होतं: कायदा, जनमत आणि राष्ट्रसंघ. १९२८ च्या केलॉग-ब्रियां करारात तर सह्या करणाऱ्या देशांनी युद्ध हे धोरणाचं साधन म्हणून वर्ज्यच करून टाकलं.

पाठ्यपुस्तकांत ही जन्मकथा एवढीच असते. पण अमेरिकेत याच विषयाचं एक नियतकालिक १९१० मध्ये निघालं, त्याचं नाव होतं ‘जर्नल ऑफ रेस डेव्हलपमेंट’, म्हणजे वंशांच्या विकासाचं नियतकालिक. १९१९ मध्ये ते ‘जर्नल ऑफ इंटरनॅशनल रिलेशन्स’ झालं आणि पुढे आजच्या प्रतिष्ठित ‘फॉरिन अफेअर्स’मध्ये विलीन झालं. वसाहतींचा कारभार कसा चालवायचा, ही चिंता या शाखेच्या पायातच होती. ज्या युद्धाच्या शोकातून ॲबरिस्टविथचं अध्यासन उभं राहिलं, त्या युद्धात दहा लाखांहून अधिक भारतीय सैनिक समुद्रापार गेले आणि सुमारे ७४ हजार परतले नाहीत. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला ‘मिलिटरी’ हे उपपद लागलं ते अशाच भरतीतून. पण ज्यांना त्या युद्धाबद्दल कुणी विचारलंच नव्हतं, त्यांच्या बाजूने ‘युद्ध का होतं’ हा प्रश्न नव्या शाखेने घेतला नाही.

वास्तववाद: भीतीचं गणित

त्याच ॲबरिस्टविथच्या अध्यासनावर १९३६ मध्ये ई. एच. कार आले आणि त्यांनी घरातूनच सुरुंग लावला. १९३९ मध्ये आलेल्या ‘द ट्वेंटी इयर्स क्रायसिस’मध्ये त्यांनी म्हटलं, की ज्यांना जगाची आहे ती घडी सोयीची असते, तेच शांततेला सगळ्यांचं हित म्हणतात. कारचं हे निरीक्षण आजही झोंबतं. पुढे जर्मनीतून परागंदा झालेले हान्स मॉर्गेन्थाऊ शिकागोत स्थिरावले आणि १९४८ मध्ये त्यांनी वास्तववादाची पोथी लिहिली: राजकारण म्हणजे सत्तेची स्पर्धा आणि राष्ट्रहित हीच तिची मोजपट्टी. याच मॉर्गेन्थाऊंनी पुढे व्हिएतनाम युद्धाला कडाडून विरोध केला, कारण त्यात अमेरिकेचं हित त्यांना दिसेना. वास्तववादी म्हणजे युद्धखोर, ही समजूत इथेच गळून पडते.

वॉल्ट्झ यांनी १९७९ मध्ये माणसाचा स्वभाव बाजूला ठेवला. राज्यांच्या वर पोलीस नाही, तक्रार करायला चौकी नाही. अशा अराजकात भला शेजारीही शस्त्रं जमवतो आणि त्याला घाबरून दुसराही जमवतो. जॉन हर्ट्झ यांनी १९५० मध्येच दाखवलेला हा सुरक्षेचा पेच. वॉल्ट्झच्या मते राज्यं त्यात तगून राहण्यापुरती सत्ता शोधतात. जॉन मिअरशायमर म्हणतात, पुरेशी सत्ता किती हे कळायला मार्ग नसल्याने बडी राज्यं जमेल तेवढी ओरबाडतात.

आता कारगिल. ग्लेन स्नायडर यांनी १९६५ मध्ये एक विपरीत शक्यता सांगितली होती: वरच्या पातळीवर अणुयुद्ध अशक्य वाटू लागलं, की खालच्या पातळीवर छोटी आगळीक करायला धीर येतो. रावळपिंडीच्या लष्करी मुख्यालयातल्या मोजक्या सेनाधिकाऱ्यांचा हिशोब याच्या फार जवळ जाणारा होता. वॉल्ट्झ यांनी मात्र माघार घेतली नाही. अण्वस्त्रं वादग्रस्त जमिनीचं रक्षण करत नाहीत, पण हिंसेला आवर घालतात, असं त्यांचं म्हणणं. २६ मेपासून भारतीय हवाई दल लढाईत उतरलं, पण नियंत्रण रेषा ओलांडायची नाही या आदेशासह. पहिल्या तीन दिवसांत दोन लढाऊ विमानं आणि एक हेलिकॉप्टर गमावूनही तो आदेश बदलला नाही. स्कॉट सेगन यांनी मात्र वॉल्ट्झना बरोबर जागी गाठलं: ‘राज्य’ विचार करत नाही, लष्कर नावाची संस्था करते, आणि तिला आपल्या योजनेच्या पुढचं दिसत नाही.

उदारमतवाद: घराच्या आत कोण राज्य करतं?

वास्तववादाला देशाच्या आत काय चाललंय याच्याशी देणंघेणं नसतं. उदारमतवादी तिथूनच सुरुवात करतात. १९७३ च्या तेलसंकटात लष्करीदृष्ट्या किरकोळ देशांनी बलाढ्यांना रांगेत उभं केलं, आणि १९७७ मध्ये रॉबर्ट कोहेन आणि जोसेफ नाय यांनी परस्परावलंबनाचा सिद्धांत मांडला. पुढे कोहेन यांनी दाखवलं, की संस्था आणि करार बळजबरी करू शकले नाहीत तरी माहिती खुली करतात, शब्द मोडण्याची किंमत वाढवतात. म्हणून स्वार्थी राज्यांनाही ते परवडतात.

लोकशाही-शांततेच्या बाजूने कारगिलवर दोन बचाव आहेत. एक मोजणीचा. युद्ध म्हणजे लढाईत किमान एक हजार मृत्यू, अशी या अभ्यासातली रूढ व्याख्या. भारताचा अधिकृत आकडा ५२७. पाकिस्तानचा आकडा वादग्रस्त. व्याख्येच्या उंबरठ्यावर उभं राहून सिद्धांत वाचवणं, हे काही सिद्धांताचं भूषण नव्हे. दुसरा बचाव अधिक वजनदार आहे: पाकिस्तानात युद्धाचा निर्णय निवडून आलेल्यांच्या हातात होता का? शरीफ यांनी पुढे सांगितलं, की आपल्याला अंधारात ठेवलं गेलं. त्यांना कितपत ठाऊक होतं यावर वाद आहेत, पण १२ ऑक्टोबर १९९९ ला लष्करप्रमुख परवेझ मुशर्रफ यांनी त्यांनाच पदच्युत केलं. म्हणजे मतपेटी असणं वेगळं आणि सैन्य त्या मतपेटीच्या अधीन असणं वेगळं. कारगिलने सिद्धांताला लावलेली ही पाचर त्याला अधिक नेमकं करते.

रचनावाद: रेषा खरी कशी होते

शीतयुद्ध संपलं तेव्हा ना कुठली मोठी लढाई झाली, ना सोव्हिएत क्षेपणास्त्रं वितळली. वास्तववादी तोंडात बोट घालून बसले. १९९२ मध्ये अलेक्झांडर वेंट यांनी उत्तर दिलं: अराजक हे राज्यं त्याचं जे करतील ते असतं. ब्रिटनच्या पाचशे अण्वस्त्रांपेक्षा उत्तर कोरियाची पाच अमेरिकेला अधिक धास्ती देतात, हा त्यांचा गाजलेला दाखला. शस्त्र तेच, नातं वेगळं.

नियंत्रण रेषा पाहा. १९७२ च्या सिमला करारातून आलेली, दोघांपैकी कुणीही अंतिम सीमा म्हणून न मानलेली, नकाशावरची रेघ. १९९९ मध्ये भारताने ती न ओलांडता आपली शिखरं परत घेतली, आणि त्या संयमामुळेच रेषेला पावित्र्य आलं. ४ जुलैला टायगर हिल भारताच्या ताब्यात आलं, त्याच दिवशी शरीफ वॉशिंग्टनमध्ये बिल क्लिंटन यांच्यासमोर होते आणि रेषेमागे जाण्याचं कबूल करत होते. शस्त्रबळाने डोंगर जिंकले. रेषेला जगाची मान्यता वागणुकीने मिळवून दिली.

कुणाच्या खर्चाने?

वरचे तिन्ही सिद्धांत राज्याला केंद्रस्थानी ठेवतात. मार्क्सवादी परंपरा विचारते, की हे राज्य कुणाचं? सांतियागोतून राऊल प्रेबिश यांनी १९४९ मध्ये दाखवलं, की कच्चा माल विकणारे देश व्यापारात सतत पिछाडीवर जातात. इमॅन्युएल वॉलरस्टाइन यांनी १९७४ पासून याला जगड्व्याळ रूप दिलं: केंद्र, परिघ आणि मधला निमपरिघ. पण संपत्तीचा ओघ वसाहतीकडून साम्राज्याच्या राजधानीकडे कसा वाहतो, याची तक्रार मुंबईत फार आधी नोंदली गेली होती. भास्कर पांडुरंग तर्खडकरांनी १८४१ मध्ये ‘बॉम्बे गॅझेट’मधल्या पत्रांत ती केली आणि दादाभाई नौरोजींनी १८६७ पासून आकडेवारीनिशी ती उभी केली. अवलंबित्वाच्या सिद्धांताची वंशावळ लिहिताना हे पान सर्रास उलटून पुढे जातात.

स्त्रीवादी अभ्यासकांनी प्रश्न आणखी खाली नेला. ॲन टिकनर यांनी १९८८ मध्ये मॉर्गेन्थाऊंची सहा सूत्रं घेऊन त्यातला ‘मानवी स्वभाव’ फक्त पुरुषांचा आहे हे दाखवलं. सिंथिया एन्लो विचारतात: या सगळ्यात बायका कुठे आहेत? कारगिलच्या वेळी तिरंग्यात लपेटलेल्या शवपेट्या गावागावांत पोचल्या, दूरचित्रवाणीने त्या घराघरांत दाखवल्या. वीरपत्नीचा सत्कार बातमीत येतो. तिची पेन्शन, सासर-माहेरची ओढाताण, शेताचा सातबारा हे सुरक्षेच्या अभ्यासात येत नाही. युद्धाचा खर्च मात्र तिथेच वर्षानुवर्षं फेडला जातो.

आपल्या कपाटातली पुस्तकं

भारतीय सिद्धांत म्हटलं की कौटिल्य हजर केला जातो, आणि तोही ‘भारतीय मॅकियाव्हेली’ म्हणून. म्हैसूरच्या शामशास्त्रींना १९०५ मध्ये ‘अर्थशास्त्रा’ची पोथी हाती लागली, १९०९ मध्ये ती छापली गेली, मुंबई विद्यापीठासाठी र. पं. कंगले यांनी १९६० ते १९६५ या काळात तीन भागांत तिची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. बारा राजांचं मंडल सगळे सांगतात. पण षाड्गुण्याच्या, म्हणजे परराष्ट्रनीतीच्या सहा उपायांच्या, चर्चेत कौटिल्य म्हणतो, की संधी (तह) आणि विग्रह (युद्ध) यांतून सारखाच लाभ होणार असेल तर संधीच करावी, कारण युद्धात माणसं जातात, पैसा जातो, परमुलखात राहावं लागतं आणि विघ्नं येतात. हा हिशोब फक्त भीतीचा नाही, प्रजेच्या योगक्षेमाचाही आहे.

माझ्या मते मराठी वाचकाने अधिक जवळून पाहावं ते ‘आज्ञापत्र’ हे मराठेशाहीतलं राजनीतीचं पुस्तक. रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास सिद्ध केलेल्या या ग्रंथात साहुकाराला राज्याची शोभा म्हटलं आहे. टोपीकरांची, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांची, गोष्ट मात्र वेगळी. फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस हे व्यापार करतात खरे, पण त्यांच्या पाठीशी राजे आहेत. आरमार, तोफा आणि दारूगोळा हे त्यांचं बळ आहे आणि आलेली जागा ते सोडत नाहीत. म्हणून त्यांना वखारीला जागा द्यायचीच तर समुद्रकाठी किंवा खाडीच्या तोंडाशी देऊ नये, आत द्यावी, आणि पक्की इमारत बांधू देऊ नये. यात आरमाराचं गणित आहे, व्यापार आणि राज्यसत्तेचं साटंलोटं आहे, आणि वखारीचा किल्ला कसा होतो याचा अंदाजही आहे. पुढे पाश्चात्त्य अभ्यासाने सुरक्षा आणि व्यापार हे विषय वेगवेगळ्या खोल्यांत ठेवले. अमात्यांना ती चैन परवडणारी नव्हती. आज बंदरं, कर्ज आणि दूरसंचाराची जाळी यांवरून जे वाद चालतात, ते याच प्रश्नाचे.

अभ्यास कसा करावा

स्पर्धा परीक्षेच्या तयारीत हे सगळं एका तक्त्यात बसवलं जातं: नाव, साल, ग्रंथ, दोन गुण, दोन दोष. पाठांतराला ते सोयीचं आहे, पण त्यातून सिद्धांत चालवून बघायची सवय लागत नाही. त्यापेक्षा एक घटना घ्यावी आणि प्रत्येक सिद्धांताला विचारावं, की काय घडलं असतं तर तू खोटा ठरला असतास? उत्तर देता आलं तर तो कामाचा. काहीही घडलं तरी जो बरोबरच ठरतो, त्याच्यापासून चार हात दूर राहावं.

हा व्यायाम इथे करण्याला विशेष कारण आहे. अण्वस्त्रांविषयीचा बहुतेक विचार अमेरिका आणि सोव्हिएत संघ या जोडीवरून झाला, आणि त्या दोघांमध्ये जमिनीचा तुकडा वादात नव्हता. अण्वस्त्रधारी शेजारी सीमेवर थेट भिडल्याचं कारगिलआधीचं ठळक उदाहरण एकच: १९६९ मध्ये उसुरी नदीकाठी चीन आणि सोव्हिएत संघ. मग जून २०२० मध्ये गलवान खोऱ्यात भारत आणि चीनचे सैनिक भिडले. या दोघांमधल्या १९९६ च्या करारानुसार प्रत्यक्ष नियंत्रण रेषेजवळ गोळी झाडायची नाही. त्या रात्री गोळी झाडली गेली नाही, आणि दगड-दांडक्यांच्या मारामारीत वीस भारतीय सैनिक मारले गेले. चीनने आपले चार मान्य केले. नियम पाळला गेला आणि माणसंही मेली, या दोन्ही गोष्टी एकत्र समजावून सांगणारं प्रकरण ॲबरिस्टविथ किंवा शिकागोच्या पुस्तकांत तयार मिळणार नाही. ते लिहिण्याची गरज ज्यांची सीमा आहे त्यांना सर्वांत जास्त आहे, आणि त्यासाठी लागणारा कच्चा माल दुर्दैवाने आपल्याकडे भरपूर आहे.