घड्याळाची थाप

२१ मे १९९६. दिल्लीच्या लाजपतनगर बाजारात बॉम्ब फुटला आणि १३ माणसं गेली. पुढे याहून भीषण स्फोट झाले, आकडे वाढत गेले आणि लाजपतनगर मागे पडलं. दिल्लीतच वाढलेल्या करण महाजन यांनी २०१६ साली या विसरल्या गेलेल्या स्फोटावर कादंबरी बेतली : ‘द असोसिएशन ऑफ स्मॉल बॉम्ब्ज’.

कादंबरीतल्या खुरानांची दोन मुलं दुरुस्तीला टाकलेला जुना टीव्ही आणायला बाजारात जातात आणि परत येत नाहीत. लोक विचारतात तेव्हा वडील सांगतात, पोरं माझं घड्याळ आणायला गेली होती. त्या जुनाट टीव्हीचं नाव काढायची त्यांना लाज वाटते. पोटची दोन्ही मुलं गेलेला बाप चारचौघांत अब्रू झाकतो! बातमीत हे कधीच येत नाही. कादंबरी तिथूनच सुरू होते.

त्या मुलांबरोबर त्यांचा मित्र मन्सूर अहमदही होता. तो वाचला, पण पुढे कित्येक वर्षं त्याची मनगटं ठणकत राहतात. तो शिकायला अमेरिकेत जातो आणि ११ सप्टेंबर २००१ उजाडतो. लहानपणी ज्याने बॉम्ब अंगावर झेलला, त्याला आता नावामुळे नजरा झेलाव्या लागतात. शेवटी मायदेशातही संशयाची सुई त्याच्याकडेच वळते.

बॉम्ब ठेवणाऱ्याच्या मनातही महाजन शिरतात, पण त्याची वकिली करत नाहीत. हा तोल भल्याभल्यांना जमलेला नाही. जॉन अपडाइक यांच्या ‘टेररिस्ट’मधला (२००६) तरुण तर वाचताना कागदीच वाटतो.

मन्सूरला छळणाऱ्या ओळखीच्या प्रश्नाला थेट हात घातला तो कमिला शम्सी यांच्या ‘होम फायर’ने (२०१७). ब्रिटनमध्ये वाढलेली इस्मा अमेरिकेला निघते, तर हीथ्रो विमानतळावर तिला अडवून ठेवतात. राणीबद्दल काय वाटतं, इथपासून टीव्हीवरच्या केक करण्याच्या स्पर्धेपर्यंत प्रश्न विचारतात. विमान निघून जातं. पुढे तिचा भाऊ दहशतवाद्यांच्या नादी लागून सीरियात जातो, मारला जातो, आणि सरकार त्याचं प्रेतही मायदेशी येऊ देत नाही. सोफोक्लीसच्या ‘अँटिगनी’ या ग्रीक नाटकाचीच ही कथा आहे, फक्त दफन नाकारणाऱ्या राजाच्या जागी इथे गृहमंत्री आहे.

दोन्ही कादंबऱ्या जरूर वाचाव्यात. एकच वाचायची झाली, तर महाजनांची. त्यातलं पहिलं प्रकरण मात्र घाईत वाचू नका.