पोटाला घास, मनाला उभारी

१९३० च्या दशकात महामंदीने न्यूयॉर्कच्या हार्लेमचं कंबरडं मोडलं, तेव्हा कृष्णवर्णीय धर्मोपदेशक फादर डिव्हाइन यांच्या ‘पीस मिशन’ची उपाहारगृहं दहा-पंधरा सेंटांत भरपेट जेवू घालत होती. मिशनच्या मेजवान्यांत गोरे आणि काळे एकाच पंगतीला, शेजारी शेजारी बसत. त्या काळच्या अमेरिकेत हे बंडच होतं.

डिव्हाइन यांच्या शिकवणीत ‘न्यू थॉट’चा मोठा वाटा होता. विचार बदलला की प्रकृती आणि परिस्थिती पालटते, असं मानणारी ही एकोणिसाव्या शतकातली अमेरिकी धारा. तिची सुरुवातीची बहुतेक मंडळी गोरी, खाऊनपिऊन सुखी. डिव्हाइन यांनी तिला रोजचा व्यवहार जोडला: उधारी करू नका, जुनी देणी फेडा, दारू-जुगार सोडा. अनुयायांनी पैसा एकत्र करून दुकानं, शेतं, हॉटेलं उभी केली. १९४८ मध्ये मिशनने फिलाडेल्फियातलं लॉरेन हॉटेल घेतलं आणि ते सर्व वर्णांच्या लोकांना खुलं केलं. मात्र अनुयायी त्यांना देव मानत आणि त्यांच्यासाठी संसार सोडत. ही किंमत लहान नव्हती.

शिकागोच्या जॉनी कोलमन यांची वाट वेगळी. १९५० च्या दशकात डॉक्टरांनी आजार असाध्य ठरवल्यावर त्या ‘न्यू थॉट’च्याच धारेतल्या, मिसुरीतल्या ‘युनिटी’ संस्थेत शिकायला गेल्या. मन:शक्तीचे धडे देणाऱ्या त्या संस्थेत काळ्या विद्यार्थ्यांना राहायला मात्र जागा नव्हती! कोलमन यांनी हा अपमान सोसला, त्याविरुद्ध आवाजही उठवला आणि १९५६ मध्ये धर्मोपदेशक होऊन शिकागोत स्वतःचं केंद्र सुरू केलं. पुढे युनिटीच्या चर्चसंघाचं अध्यक्षपद भूषवूनही, वर्णभेदाला कंटाळून १९७४ मध्ये त्या बाहेर पडल्या. १९८५ मध्ये शहराच्या दक्षिण भागात त्यांचं हजारो आसनांचं ‘क्राइस्ट युनिव्हर्सल टेंपल’ उभं राहिलं. तिथे प्रवचनाइतकंच महत्त्व वर्गांना होतं. लोक वही-पेन घेऊन बसत आणि प्रार्थना, आरोग्य, पैसा यांचा रीतसर अभ्यास करत.

याच धारेतले धर्मोपदेशक रेव्हरंड आईक १९७० च्या दशकात श्रीमंतीचा उघड पुरस्कार करत. गरिबीत पुण्य नाही, हे त्यांचं म्हणणं रास्तच. पण भाडं थकलेल्या बाईला नुसतं ‘विचार बदल’ म्हणणं म्हणजे घरमालकाचा आणि मालकवर्गाचा दोष तिच्याच माथी मारणं. या विचाराची खरी दुखरी जागा हीच.

इयान्ला व्हॅन्झंट ती ओळखून आहेत. सरकारी मदतीवर मुलं वाढवलेल्या या बाई पुढे वकील झाल्या, पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा धर्मपरंपरेच्या पुरोहित झाल्या. १९९३ चं त्यांचं ‘ॲक्ट्स ऑफ फेथ’ हे रोजच्या चिंतनाचं पुस्तक थेट कृष्णवर्णीय आणि इतर गौरेतर वाचकांसाठीच लिहिलेलं आहे. या धारेची ओळख करून घ्यायची असेल, तर मराठी वाचकांनी सुरुवात याच पुस्तकापासून करावी.