प्लास्टिक बनतं नागोठण्यात, अडकतं कोळ्यांच्या जाळ्यात: मग पॉलिमर शास्त्रज्ञांची संस्था वर्षभर करते तरी काय?

रायगडच्या किनाऱ्यावर डोल जाळं होडीत ओढलं, की जवळा, करंदी, मांदेली आणि बोंबलांसोबत आणखी काहीतरी वर येतं. वेफर्सची पाकिटं, दुधाच्या पिशव्या, शाम्पूच्या पुड्या, तुटलेल्या दोराचे तुकडे. डोल जाळं म्हणजे भरती-ओहोटीच्या प्रवाहासमोर लावलेली मोठी पिशवीच. प्रवाहात जे असेल ते त्यात शिरतं. त्यामुळे मासळी निवडण्याआधी कचरा निवडावा लागतो आणि त्यात गेलेल्या वेळेचे पैसे कुणी देत नाही.

आता याच जिल्ह्याचा नकाशा पाहा. अंबा नदीच्या काठी नागोठणे आहे. तिथे पॉलिथिलीन बनतं. शेजारच्या आमडोशीत पॉलिस्टायरीन बनतं, ज्याच्या फुगवलेल्या रूपाला आपण थर्माकोल म्हणतो. अलिबाग तालुक्यातल्या उसर इथे 'गेल'ने वर्षाला ५ लाख टन क्षमतेचा पॉलिप्रॉपिलीन प्रकल्प हाती घेतला. म्हणजे प्लास्टिकचा जन्मही रायगडमध्ये आणि शेवटही रायगडच्या वाळूत.

या दोन टोकांच्या मध्ये ज्यांचं ज्ञान उपयोगी पडू शकतं, अशा शास्त्रज्ञांची देशात एक व्यावसायिक संस्था आहे. ती काय करते आणि तिच्या कामाचा किनाऱ्याशी काय संबंध, हे समजून घेऊ.

आधी हे सांगा, पॉलिमर म्हणजे नेमकं काय?

मराठी पाठ्यपुस्तकांत याला 'बहुवारिक' म्हणतात. एकच छोटा रेणू पुन्हा पुन्हा जोडत गेलं की जी लांबलचक साखळी तयार होते, ती म्हणजे पॉलिमर. इथिलीनचे हजारो रेणू एकमेकांना जोडले की पॉलिथिलीन होतं.

ही कल्पना आज सोपी वाटते. पण १९२० मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ हर्मन स्टाउडिंगर यांनी ती मांडली, तेव्हा अनेक सहकाऱ्यांना इतके मोठे रेणू असू शकतात हेच पटत नव्हतं. स्टाउडिंगर यांना नोबेल मिळायला १९५३ साल उजाडलं.

सगळे पॉलिमर कारखान्यात बनत नाहीत. कापूस, नारळाचा काथ्या, रेशीम, आपले केस, कोळंबीचं कवच हे सगळे नैसर्गिक पॉलिमरचेच प्रकार आहेत. सगळी प्लास्टिक पॉलिमरपासून बनतात, पण सगळे पॉलिमर प्लास्टिक नसतात.

रायगडमध्ये हे कारखाने आले कसे?

उत्तर समुद्रात आहे. १९७४ मध्ये मुंबईजवळच्या समुद्रात 'बॉम्बे हाय' इथे तेल सापडलं. तेलासोबत नैसर्गिक वायूही आला आणि तो पाइपलाइनने उरणला आणला गेला. या वायूतल्या इथेन आणि प्रोपेनपासून प्लास्टिकचा कच्चा माल बनवता येतो. त्यासाठी सरकारी कंपनी 'आयपीसीएल'ने नागोठण्यात गॅस क्रॅकर उभारला.

'क्रॅकर' नावाप्रमाणेच काम करतो. इथेन वाफेसोबत ८०० अंश सेल्सियसच्या आसपास तापवला की त्याचं इथिलीन होतं. मग उत्प्रेरकाच्या मदतीने इथिलीनच्या साखळ्या बनवतात आणि शेवटी तांदळासारखे पांढरे दाणे बाहेर पडतात. दुधाच्या पिशवीपासून पाण्याच्या टाकीपर्यंतच्या वस्तूंची सुरुवात अशाच दाण्यांनी होते.

या उद्योगाने जिल्ह्याला रोजगार दिला. त्याची किंमतही मोजावी लागली. नोव्हेंबर १९९० मध्ये नागोठण्याच्या प्रकल्पात वायुगळतीनंतर स्फोट झाला आणि त्यात ३० हून अधिक जणांचा जीव गेला. पुढे २००२ मध्ये आयपीसीएलचं व्यवस्थापन रिलायन्सकडे गेलं आणि २००७ मध्ये कंपनी रिलायन्समध्ये विलीन झाली. आता गुजरातमधल्या दहेजहून नागोठण्यापर्यंत इथेनची पाइपलाइन आहे आणि त्या इथेनचा मोठा भाग अमेरिकेतून जहाजाने येतो.

मग शास्त्रज्ञांची ही संस्था कोणती?

तिचं नाव 'सोसायटी फॉर पॉलिमर सायन्स, इंडिया', थोडक्यात एसपीएसआय. तिचं मुख्य कार्यालय पुण्यातल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेशी, म्हणजे 'एनसीएल'शी जोडलेलं आहे. हे स्वाभाविकच आहे, कारण एनसीएल हे भारतातल्या पॉलिमर संशोधनाच्या महत्त्वाच्या केंद्रांपैकी एक आहे. डॉ. रघुनाथ माशेलकर हे मुळात पॉलिमर अभियांत्रिकीतले संशोधक आणि एनसीएलचे माजी संचालक. नंतर याच प्रयोगशाळेचे संचालक झालेले डॉ. एस. शिवराम त्याआधी आयपीसीएलच्या संशोधन केंद्रात होते. म्हणजे प्रयोगशाळा आणि कारखाना यांच्यात ये-जा करणारी माणसं या क्षेत्रात पहिल्यापासून आहेत.

वर्षभरात ही संस्था काय करते?

अशा व्यावसायिक संस्थेचं काम ढोबळमानाने चार प्रकारचं असतं.

१. परिषद. एसपीएसआयच्या आंतरराष्ट्रीय परिषदांची मालिका 'मॅक्रो' नावाने ओळखली जाते. मॅक्रोमॉलिक्यूल म्हणजे महारेणू, त्यावरून हे नाव. देशातल्या वेगवेगळ्या शहरांत ही परिषद फिरत असते. २०१८ मध्ये ती पुण्याच्या 'आयसर'मध्ये झाली होती. पीएचडी करणारे विद्यार्थी इथे आपलं काम पोस्टरवर मांडतात आणि देशोदेशीचे शास्त्रज्ञ त्यांना प्रश्न विचारतात.

२. शहरांतल्या शाखा. पुणे, मुंबईसारख्या शहरांतल्या शाखा व्याख्यानं आणि कार्यशाळा घेतात. मोठ्या परिषदेला जाणं परवडत नाही अशा विद्यार्थ्यांसाठी या शाखा जास्त उपयोगाच्या.

३. पुरस्कार. संस्थेच्या पुरस्कारांपैकी एक प्रा. एम. संतप्पा यांच्या नावाने दिला जातो. मद्रास विद्यापीठात पॉलिमर विज्ञानाचं शिक्षण रुजवणाऱ्या पहिल्या पिढीतले ते प्राध्यापक.

४. उद्योगाशी संवाद. प्रयोगशाळेत ग्रॅमभर बनलेला पदार्थ कारखान्यात टनावारी बनेल का, हे विचारायला उद्योगातली माणसं समोर असावी लागतात.

हे ऐकायला कोरडं वाटेल. पण रायगडपुरतं बोलायचं तर लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात पेट्रोकेमिकल अभियांत्रिकी शिकवली जाते. तिथल्या मुलांना नोकरी शेजारच्या कारखान्यात मिळू शकते आणि संशोधनाचे प्रश्न शेजारच्या किनाऱ्यावर. ही दोन टोकं जोडायची तर त्यांना अनुभवी शास्त्रज्ञांशी गाठ घालून देणारं व्यासपीठ लागतं.

उद्दिष्टं काय आहेत? 'प्लास्टिक बंद करा' इतकं सोपं का नाही?

पॉलिमर विज्ञानाचा प्रसार, संशोधनाला चालना आणि उद्योग-शिक्षण यांची सांगड, ही अशा संस्थांची नेहमीची उद्दिष्टं. पण आज जगभरातल्या पॉलिमर शास्त्रज्ञांसमोर एक प्रश्न सगळ्यात वर आहे: बनवायला शिकलो, पण परत मोडायचं कसं?

अडचण अशी की 'प्लास्टिक' ही एक वस्तू नाहीच. दुधाची पिशवी आणि घरातली बादली दोन्ही पॉलिथिलीनचीच. पिशवीतल्या साखळ्यांना फांद्या जास्त असतात, त्यामुळे त्या एकमेकांना चिकटून बसत नाहीत आणि पिशवी मऊ राहते. बादलीतल्या साखळ्या सरळ असतात, दाटीने बसतात, म्हणून ती कडक होते.

वेगवेगळी पॉलिमर एकत्र वितळवली तर बहुतेक वेळा ती तेल-पाण्यासारखी वेगळी राहतात आणि त्यातून कमकुवत माल निघतो. वेफर्सच्या पाकिटात तर दोन-तीन पातळ थर एकमेकांना चिकटवलेले असतात, बहुतेकदा त्यातच ॲल्युमिनियमचाही मुलामा. ते थर सुटे करणं खर्चिक असतं. त्यामुळे भंगारवाला बाटली नेतो, पाकीट नेत नाही. तेच पाकीट गटारातून खाडीत आणि खाडीतून डोल जाळ्यात येतं.

म्हणून एकाच पॉलिमरचं पाकीट बनवता येईल का, वेगवेगळ्या पॉलिमरना नीट मिसळवणारं रसायन मिळेल का, साखळी मोडून मूळ रेणू परत मिळवता येतील का, या प्रश्नांवर काम चालू आहे. हे प्रश्न सुटले तर त्या पाकिटालाही भंगारात भाव मिळू शकतो.

समुद्रात कुठलं प्लास्टिक कुठे जातं?

हे घरीच पाहता येईल. पाण्याच्या बाटलीचा एक तुकडा कापा आणि तो टोपणासोबत बादलीत टाका. दोन्ही बोटाने पाण्याखाली दाबा, हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. तुकडा बुडेल, टोपण तरंगेल.

बाटली पीईटीची असते आणि तिची घनता साधारण १.३८. टोपण पॉलिथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीनचं, त्याची घनता १ पेक्षा कमी. समुद्राच्या पाण्याची घनता साधारण १.०२५. पुनर्वापर कारखान्यातही प्लास्टिक वेगळं करायला हीच युक्ती वापरतात.

जाळ्यांनाही हाच नियम लागू होतो. पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीनचे दोर तरंगतात, लाटांसोबत किनाऱ्यावर येतात. नायलॉनची घनता साधारण १.१४, त्यामुळे तुटलेलं नायलॉनचं जाळं खाली जातं आणि कुणाच्याही नजरेत न येता मासे, खेकडे, कधी कासवंही अडकवत राहतं. दिवेआगर, हरिहरेश्वरच्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, त्यांच्यासाठी हा धोका खरा आहे. किनारा स्वच्छता मोहिमेत आपल्या हाती लागतं ते मुख्यतः तरंगणारं प्लास्टिक. बुडालेल्याचा हिशोबच होत नाही.

उन्हाने साखळ्या तुटतात, दोर ठिसूळ होतो आणि त्याचे बारीक कण होतात. ५ मिलिमीटरपेक्षा लहान झाले की त्यांना मायक्रोप्लास्टिक म्हणतात. ते जाळ्यात येत नाहीत, माशांच्या पोटात जातात.

कधी कधी तर वस्तू बनण्याआधीच प्लास्टिक समुद्रात पोहोचतं. मे २०२५ मध्ये केरळच्या समुद्रात 'एमएससी एल्सा ३' हे जहाज बुडालं, तेव्हा कंटेनरमधले प्लास्टिकचे दाणे तिथल्या किनाऱ्यांवर पसरले. रायगडमध्ये उरणजवळ देशातल्या सर्वांत मोठ्या कंटेनर बंदरांपैकी एक आहे. ऑगस्ट २०१० मध्ये 'एमएससी चित्रा' या जहाजाची याच परिसरात टक्कर होऊन तेल आणि कंटेनर समुद्रात गेले होते. त्यामुळे केरळची बातमी आपल्यासाठी लांबची नाही.

'बायोडिग्रेडेबल' पिशवी घेतली की झालं?

नाही. अशा पिशव्यांत वापरला जाणारा पीएलए हा पॉलिमर मक्यासारख्या पिकांतल्या साखरेपासून बनवता येतो. पण तो नीट कुजायला साधारण ६० अंश सेल्सियस तापमानाचं औद्योगिक कंपोस्ट लागतं. समुद्राच्या पाण्यात तो दीर्घकाळ तसाच राहू शकतो. भारतात कंपोस्ट होणाऱ्या प्लास्टिकला आयएस १७०८८ या मानकाची चाचणी पार करावी लागते. पिशवीवर नुसतं हिरवं पान छापलेलं असणं पुरेसं नाही.

दुसरी वाट कोळंबीच्या कवचातून जाते. सुक्या कवचाचा साधारण पाचवा हिस्सा किंवा त्याहून जास्त भाग कायटिन हा नैसर्गिक पॉलिमर असतो. आम्ल आणि अल्कलीची प्रक्रिया करून त्यापासून कायटोसान मिळतं. जखमेवरच्या पट्ट्यांत आणि पाणी शुद्ध करण्यासाठी ते वापरलं जातं. जिथे कोळंबी सोलून कवचं फेकली जातात, तिथे हा कच्चा माल रोज तयार होतो.

कायदा काय म्हणतो?

महाराष्ट्राने मार्च २०१८ मध्ये प्लास्टिक आणि थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली. देशभरात १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या ठरावीक वस्तू बंद झाल्या. प्लास्टिक पिशवीची किमान जाडी आता १२० मायक्रॉन आहे. २०२२ मध्येच पॅकेजिंग वापरणाऱ्या कंपन्यांवर कचऱ्याची जबाबदारी टाकणारे नियम आले. जागतिक प्लास्टिक करारासाठीच्या वाटाघाटी मात्र ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हात सहमतीशिवाय संपल्या.

या प्रत्येक नियमामागे एक तांत्रिक प्रश्न आहे. जाडी किती असावी? कुठला पॉलिमर परत वापरता येतो? 'कुजतं' हे कसं तपासायचं? याची उत्तरं देणारे लोक म्हणजेच पॉलिमर शास्त्रज्ञ.

मग आपण काय विचारायचं?

परिषदेत किती शोधनिबंध सादर झाले, हा संस्थेच्या वर्षाचा एक हिशोब झाला. किनाऱ्यावरच्या माणसाचा हिशोब वेगळा आहे. जाळ्यात आलेलं पाकीट विकत घ्यायला कुणी तयार झालं का? जुनं नायलॉन जाळं परत देऊन कोळ्याला चार पैसे मिळतील अशी सोय बंदरावर झाली का? कोळंबीची कवचं फेकण्याऐवजी विकता आली का?

तुमच्या कॉलेजात पॉलिमरवरचं व्याख्यान असेल, तर हे तीन प्रश्न घेऊन जा. आणि वेफर्सचं पाकीट फेकण्याआधी त्याच्या मागचा त्रिकोण बघा. आत १ किंवा २ आकडा असेल तर त्याला भंगारात गिऱ्हाईक मिळण्याची शक्यता चांगली. ७ असेल तर ते बहुधा मिश्र पॉलिमरचं, म्हणजे ज्याला अजून कुणी वाली नाही असं.