एक्स-रेमध्ये न मावणारी गुडघेदुखी

गुडघेदुखीचे निदान आजही बहुतेक दवाखान्यांत एक्स-रेची फिल्म उजेडासमोर धरूनच सांगितले जाते आणि त्याचा मथितार्थ ठरलेला असतो: वयोमानाने वंगण संपले, हाडांमधली गॅप कमी झाली, आता होणारी झीज भरून निघणार नाही. या सांगण्यात तथ्य असले तरी ते अपुरे आहे. फिल्मवर दिसणारी हानी आणि रुग्णाला जाणवणारी वेदना यांचे नाते सरळ नाही, हे गेल्या काही दशकांतील संशोधनाने दाखवून दिले असून, लोकप्रिय ठरलेले काही उपचार निष्प्रभ का ठरले आणि साधे वाटणारे उपचार का टिकले, याचे उत्तर बऱ्याच अंशी या तफावतीतच सापडते.

ऑस्टिओआर्थ्रायटिस हा सांध्याचा सर्वाधिक आढळणारा विकार असून २०२० साली जगभरात सुमारे साडेएकोणसाठ कोटी लोकांना तो होता, असा अंदाज आहे. रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटल्याने होणाऱ्या आमवाताहून तो वेगळा आहे. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली घरोघर जाऊन सुरू केलेल्या पाहणीत, ४,०९२ प्रौढांपैकी १८.२ टक्के लोकांनी सांधे, स्नायू वा हाडांच्या दुखण्याची तक्रार सांगितली. ऑस्टिओआर्थ्रायटिसचे प्रमाण सुमारे ५.८ टक्के, तर आमवाताचे अवघे अर्धा टक्का होते. कष्टकरी ग्रामीण समाजात ऑस्टिओआर्थ्रायटिस तुरळक असतो, या समजाला त्या आकड्यांनी छेद दिला.

फिल्म वाचण्याची प्रचलित पद्धत मँचेस्टरच्या केलग्रेन आणि लॉरेन्स या डॉक्टरांनी १९५७ साली मांडली. हाडाच्या कडेला वाढलेले काटे, दोन हाडांमधील अंतर आणि हाडांच्या टोकांचा आकार पाहून शून्य ते चार अशी श्रेणी त्यांनी ठरवली आणि ‘ग्रेड थ्री’, ‘ग्रेड फोर’ हे शब्द तिथूनच रुग्णांच्या तोंडी आले. मात्र ज्या कूर्चेविषयी एवढी चर्चा होते ती एक्स-रेवर दिसतच नाही. हाडांमधील मोकळ्या जागेवरून तिचा केवळ अंदाज बांधला जातो.

कूर्चा म्हणजे हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत, लवचीक आवरण. तिच्या वजनाचा बहुतांश भाग पाण्याचा असून कोलॅजनच्या तंतूंचे जाळे आणि ॲग्रिकॅन नावाचा पाणी धरून ठेवणारा रेणू यांमुळे तिला भार पेलता येतो. तिच्यात रक्तवाहिन्या नसल्याने पाऊल टेकताना दाबली जाऊन आणि उचलताना फुगून, स्पंजाप्रमाणे, ती सांध्यातील द्रवामधून पोषण घेते. सांधा वापरात ठेवणे तिच्यासाठी आवश्यक असते ते यामुळेच. तिच्यात मज्जातंतूही नसतात, म्हणजे ती स्वतः दुखू शकत नाही. वेदना उठते ती कूर्चेखालच्या हाडातून, सांध्याच्या सुजलेल्या अस्तरातून, सांध्याभोवतीच्या आवरणातून आणि ताणलेल्या स्नायुबंधांतून. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात एक्स-रेवर ऑस्टिओआर्थ्रायटिस दिसणाऱ्या लोकांची एमआरआय तपासणी झाली, तेव्हा गुडघा दुखणाऱ्यांपैकी ७७.५ टक्के लोकांच्या कूर्चेखालच्या अस्थिमज्जेत विकृती आढळली, तर न दुखणाऱ्यांमध्ये हे प्रमाण ३० टक्के होते. शिवाय दुखणे वर्षानुवर्षे चालू राहिले की मज्जारज्जू आणि मेंदू ते संदेश अधिक तीव्रतेने ग्रहण करू लागतात. अपुरी झोप आणि मनावरचा ताण त्यात भर घालतात.

याचा अर्थ फिल्म निरर्थक असते असा नव्हे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्यांचा एकच गुडघा दुखतो अथवा एक दुसऱ्यापेक्षा अधिक दुखतो अशांच्या दोन्ही गुडघ्यांची तुलना केली गेली. वय, वजन, स्वभाव आणि वेदना सोसण्याची क्षमता एकाच माणसाची असल्याने हे घटक आपोआप बाजूला पडले आणि अधिक हानी झालेला गुडघाच अधिक दुखतो, हे स्पष्ट झाले. तात्पर्य, हानी हे वेदनेचे एक खरे कारण आहे; पण दोन व्यक्तींमध्ये तिच्यावरून कोणाला किती दुखत असेल, हे सांगता येत नाही. एमआरआयच्या बाबतीत हा सावधपणा अधिकच लागतो. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथील पाहणीत ज्यांच्या मेनिस्कसला, म्हणजे हाडांमधील अर्धचंद्राकृती गादीला, चीर होती त्यांपैकी ६१ टक्के लोकांना आधीच्या महिनाभरात गुडघ्याचा त्रासच झालेला नव्हता.

या तफावतीची सर्वांत कठोर परीक्षा अमेरिकेतील ह्यूस्टन येथील माजी सैनिकांच्या रुग्णालयात झाली. दुर्बिणीच्या साहाय्याने सांधा धुणे आणि त्यातील सैल तुकडे व खडबडीत भाग साफ करणे, ही शस्त्रक्रिया त्या काळी सर्रास होत असे. ब्रूस मोझली आणि सहकाऱ्यांनी १८० रुग्णांची चिठ्ठी टाकून तीन गटांत विभागणी केली: एका गटाचा सांधा नुसता धुतला, दुसऱ्याचा साफही केला, तर तिसऱ्या गटातील रुग्णांना गुंगीचे औषध देऊन त्वचेवर तीन लहान छेद घेण्यात आले, सर्जनने नेहमीप्रमाणे एकेक उपकरण मागून घेतले, पाय हलवला आणि सांधा धुतल्याचा आवाज यावा म्हणून सलाइनचे पाणी शिंपडले, दुर्बीण मात्र गुडघ्यात गेलीच नाही. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन वर्षांच्या काळात तिन्ही गटांच्या वेदनेत वा हालचालीत परस्परांच्या तुलनेत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. कॅनडातील २००८ च्या चाचणीत फिजिओथेरपीच्या जोडीला ही शस्त्रक्रिया केल्याने अधिक लाभ दिसला नाही आणि फिनलंडमधील २०१३ च्या चाचणीत झिजून फाटलेली गादी कापून काढणेही आभासी शस्त्रक्रियेहून सरस ठरले नाही.

गोळ्या आणि इंजेक्शनांचा इतिहासही असाच सावध करणारा आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या, १,५८३ रुग्णांवरील चाचणीत ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉयटिन ही पूरके एकत्र घेणाऱ्यांपैकी ६६.६ टक्के लोकांना आराम पडला. पण औषध नसलेली गोळी, म्हणजे प्लासिबो, घेणाऱ्यांतही ६०.१ टक्के लोकांना तो पडला आणि हा फरक योगायोगाचा असू शकतो, असे गणिताने दाखवले. स्टिरॉइडच्या इंजेक्शनाने काही आठवडे बरे वाटते. परंतु २०१७ च्या एका चाचणीत दर तीन महिन्यांनी दोन वर्षे ते घेणाऱ्यांची वेदना सलाइनचे इंजेक्शन घेणाऱ्यांहून कमी झाली नाही, उलट कूर्चा अधिक पातळ झाली. चोप्रा यांच्या गटाने सुंठ-गुळवेलयुक्त आयुर्वेदिक औषधांची ग्लुकोसामाइन आणि सेलेकॉक्सिब हे वेदनाशामक यांच्याशी २४ आठवडे तुलना केली, तेव्हा सर्वांचा परिणाम जवळपास सारखा आढळला. मात्र या चाचणीत प्लासिबोचा गट नव्हता आणि काही रुग्णांमध्ये यकृताशी संबंधित एसजीपीटीची पातळी वाढली होती, हेही लक्षात घ्यावे लागते.

या सर्व चाळणीतून टिकून राहिले ते व्यायाम आणि वजन घटवणे. शरीराचे वजन एक किलोने घटले की चालताना गुडघ्यावरील भार प्रत्येक पावलामागे सुमारे चार किलोने कमी होतो, असे २००५ च्या एका अभ्यासात मोजले गेले. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लठ्ठ रुग्णांना सेमाग्लुटाइड हे वजन घटवणारे औषध ६८ आठवडे दिले असता वजन सरासरी १३.७ टक्क्यांनी उतरले आणि वेदनाही प्लासिबोच्या तुलनेत लक्षणीय घटली. मांडीचे स्नायू बळकट करणे, खुर्चीवरून हाताच्या आधाराविना उठबस करणे आणि झेपेल तितके नियमित चालणे यांनी फिल्म बदलत नाही, परंतु दुखणे कमी होते. बीजिंगमधील पाहणीत तरुणपणी दिवसाचे अनेक तास उकिडवे बसणाऱ्यांमध्ये हा विकार अधिक आढळला असल्याने, आपल्याकडेही तासन्‌तास तसे बसून करायच्या कामांत बदल करणे शहाणपणाचे ठरते. सांध्याला पूर्ण विश्रांती देणे मात्र नव्हे.

सांधा बदलण्याच्या शस्त्रक्रियेला या मांडणीत निश्चित स्थान आहे. डेन्मार्कमधील २०१५ च्या चाचणीत १०० रुग्णांपैकी निम्म्यांचा गुडघा बदलून त्यांना व्यायामादी उपचार दिले गेले आणि उरलेल्यांना केवळ ते उपचार. वर्षभरात शस्त्रक्रियेच्या गटात ८५ टक्के, तर दुसऱ्या गटात ६८ टक्के रुग्णांत जाणवण्याजोगी सुधारणा झाली. गंभीर गुंतागुंत मात्र पहिल्या गटात अधिक होती आणि दुसऱ्या गटातील तीन-चतुर्थांश रुग्णांना त्या वर्षात शस्त्रक्रियेची गरज वाटली नाही. भारत सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कृत्रिम गुडघ्याची कमाल किंमत ५४,७२० रुपये, अधिक जीएसटी, अशी ठरवून हा पर्याय अनेकांच्या आवाक्यात आणला. मात्र किंमत कमी झाली म्हणून निर्णयाची घाई करण्याचे कारण नाही. फिल्मवरची ग्रेड कोणतीही असो, रुग्णाला किती अंतर चालता येते, रात्री झोप मोडते का आणि देखरेखीखालचा व्यायाम पुरेसा काळ करून झाला आहे का, या प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावरच शस्त्रक्रियेचा निर्णय व्हावा, हेच या संशोधनाचे सांगणे आहे.