टांकसाळीचं कुलूप

कांद्याचे भाव पडले की कोपरगावच्या बाजारात एक प्रश्न हमखास ऐकू येतो: सरकारकडे नोटांचं यंत्र आहे, मग नोटा छापून शेतकऱ्याचं कर्ज का फेडत नाहीत? या प्रश्नाचं एक जुनं उत्तर वैजापूरच्या पलीकडे, दौलताबादला सापडतं.

दिल्लीचा सुलतान महंमद तुघलक याने 1329-30च्या सुमारास तांब्या-पितळेचा टंका काढला आणि तो चांदीच्या टंक्याइतकाच मानायचा, असं फर्मान सोडलं. दौलताबादच्या टांकसाळीतही ही नाणी पडत. त्यांवर गावाचं नाव आहे. या प्रयोगामुळे सुलतान वेडा ठरला. मला ते मुळीच पटत नाही. कुब्लाई खानाच्या चीनमध्ये त्याआधीच कागदी चलन चालत होतं. नाण्याची किंमत धातूत नसून राज्याच्या शब्दात असते, हे तुघलकाने बरोबर ओळखलं होतं.

फक्त त्या शब्दाला कुलूप नव्हतं. बाजार समितीतली हिशोबपट्टी पैशासारखी मानली जाते, कारण ती व्यापाऱ्याखेरीज कुणाला लिहिता येत नाही. तुघलकाचा टंका मात्र कुठलाही कारागीर ओतू शकत होता. घरोघरी टांकसाळी निघाल्या, असं इतिहासकार झियाउद्दीन बरनी लिहितो. लोक महसूल तांब्यात भरू लागले, तांबं देऊन घोडे आणि शस्त्रं घेऊ लागले. चांदी घरातच राहिली. बघता बघता टंक्याला खापरीची किंमत आली. सुलतानाने अखेर तो मागे घेतला आणि खजिन्यातून त्याबदली चांदी-सोनं मोजलं. परत आलेल्या तांब्याचे ढीग तुघलकाबादेत पडून होते.

तिथे कुलूपच नव्हतं. 1946च्या हंगेरीत ते होतं, पण सरकारनेच काढलं. युद्धाने कारखाने आणि रेल्वे उद्ध्वस्त झालेली, कर जमेना, म्हणून खर्च नोटांवर भागवला. जुलैत भाव दर पंधरा तासांनी दुप्पट होत होते. गुणाकार करून पाहा: या वेगाने आठवड्यात भाव दोन हजार पटींहून वर जातात. मग हातात नोट ठेवतो कोण? जो तो ती खपवायला धावतो, त्या धावपळीने भाव आणखी चढतात आणि कर भरेपर्यंत त्याची रक्कम मातीमोल होते. 1 ऑगस्टला नवं चलन आलं, तेव्हा एका फोरिंटसाठी चारावर 29 शून्यं इतके जुने पेंगो मोजावे लागत.

हे कुलूप कुणाच्या हाती असावं, याचा सर्वांत कठोर विचार आपल्याच माणसाने केला आहे. 1923 साली, जर्मनीचा मार्क कोसळत असताना, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. चलन सरकारच्या मर्जीने वाढता कामा नये, या भूमिकेतून त्यांनी अर्थशास्त्रज्ञ केन्सच्या मताला सरळ विरोध केला. पुढे भारताच्या चलनाचा विचार करणाऱ्या हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी मांडलं, की रुपयाची टांकसाळ जनतेला बंद आहे तशीच सरकारलाही बंद करा. त्याच्या सहा शतकं आधी दौलताबादेत जे घडलं, त्याचं मर्म या एका मागणीत आहे.

घटनाकार म्हणून बाबासाहेब घराघरांत पोहोचले. चलनशास्त्रज्ञ म्हणून ते अजून पोहोचायचे आहेत. आपल्या महाविद्यालयांतल्या अर्थशास्त्राच्या शिक्षकांनी हा ग्रंथ वर्गात उघडावा. आणि नोटा छापून कर्ज फेडण्याचं आश्वासन कुणी दिलं, तर त्याला विचारा: छपाई थांबवण्याचा अधिकार कुणाकडे असेल?